‘द इफेक्ट’ : औषधचाचणी, प्रेम आणि नैराश्य. प्रयोग बसवताना काय सांभाळायचं?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

लूसी प्रेबल यांचं ‘द इफेक्ट’ २०१२ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये, कॉटेस्लो या छोट्या रंगगृहात आलं. दिग्दर्शन रूपर्ट गूल्ड यांचं होतं. २०२३ मध्ये जेमी लॉइड यांनी तिथल्याच लिटल्टन रंगगृहात ते पुन्हा उभं केलं. पात्रं चारच. कॉनी आणि ट्रिस्टन हे दोघे नैराश्यावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत स्वयंसेवक म्हणून चार आठवडे मुक्कामाला आलेत. डॉ. लॉर्ना जेम्स त्यांच्यावर देखरेख ठेवते. डॉ. टोबी सीली या औषधाच्या बाजूचा, आणि लॉर्नाशी त्याचं जुनं प्रकरण. मात्रा पायरीपायरीने वाढते, दोघे प्रेमात पडतात, आणि प्रश्न उभा राहतो की हे प्रेम त्यांचं की गोळीचं. त्यातही खरी गोळी कोणाला आणि प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) कोणाला, हे दोघांनाही माहीत नाही.

कथा कशी आहे यावर बरंच बोलून झालंय. हा धागा प्रयोग करणाऱ्यांसाठी, अनुवाद करणाऱ्यांसाठी आणि नाटक बारकाईने वाचणाऱ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच : चाचणीची शिस्त खरी वाटली नाही, तर उरते ती वसतिगृहातली प्रेमकहाणी. नियम कडक दिसले तरच नियम मोडण्याला वजन येतं.

शेवट फोडू नका. फोडायचाच असेल तर आधी इशारा द्या.

---

पाच मिनिटांचा फरक

पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा दिवस कसा जातो ते लिहितो. बहुतेक प्रयोगांत नेमकं हेच ढोबळ राहतं.

दाखल होण्याआधी तपासणी : इतिहास, रक्त, लघवी, ईसीजी, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, स्त्रियांची गर्भचाचणी, नशेच्या पदार्थांची चाचणी. ही साधारण आधीच्या २८ दिवसांत उरकतात. दाखल झाल्यावर त्यांतल्या काही पुन्हा. खसखस खाल्लेली असली तरी लघवीत अफूवर्गीय पदार्थ दिसू शकतात, म्हणून तीही बंद. कॅफीन, दारू, सिगारेट, ग्रेपफ्रूट बंद. जोरदार व्यायामही बंद, कारण स्नायूंवर ताण आला की रक्तातलं सीके (स्नायूंतलं एक एन्झाइम) वाढतं, यकृताच्या चाचण्यांचे आकडेही हलतात, आणि मग तो औषधाचा परिणाम की उड्या मारल्याचा, हे सांगता येत नाही.

आता आठवा, ट्रिस्टन टॅप डान्स करतो. प्रेक्षकाला ते गोड वाटतं. पण लॉर्नाच्या जागी बसून पाहा : हा पोरगा तिच्या आकडेवारीवर नाचतोय. लॉर्नाची भूमिका करणाऱ्या नटीला एवढं एक वाक्य सांगितलं तरी तिची नजर बदलते.

मात्रेची सकाळ : रात्रभर किमान १० तास उपाशी. गोळी साधारण २४० मिलिलिटर पाण्याबरोबर. त्याआधी आणि नंतर एकेक तास पाणी नाही, नंतर ४ तास जेवण नाही. गिळल्यावर तोंड उघडायचं, जीभ वर करायची, हात दाखवायचे. रक्त आधी एकदा, मग अर्धा, १, २, ४, ८, १२, २४ तासांनी, असं काहीसं वेळापत्रक असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्यांना एकाच क्षणी गोळी देत नाहीत. नर्सला प्रत्येकाचं रक्त नेमक्या मिनिटाला घ्यायचं असतं, म्हणून एकाला ८:००, दुसऱ्याला ८:०५, तिसऱ्याला ८:१०. दिवसभर प्रत्येकाचं घड्याळ पाच मिनिटांनी पुढेमागे चालतं. दोन प्रेमिक एकाच खोलीत, पण एकाला बोलावणं आलं की दुसऱ्याला पाच मिनिटं एकट्याने बसायचं. दिग्दर्शकाला फुकट मिळालेली रचना आहे ही.

---

अर्धविराम

उत्तम प्रतिसाद. एक बाळबोध शंका : दोघेही निरोगी आहेत. निरोगी माणसाला नैराश्याचं औषध देऊन कळणार काय?

---

पाच मिनिटांचा फरक

शंका बाळबोध नाही, नाटकाचा सांधाच तिथे आहे. पहिल्या टप्प्यात औषध ‘चालतं का’ हे पाहत नाहीतच. शरीराला किती सोसतं, रक्तात किती चढतं, किती वेळात उतरतं, एवढंच पाहतात. परिणामकारकता दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात, रुग्णांवर.

मनःस्थिती मोजायची तर मॅड्रस या मोजपट्टीत १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ६, एकूण ६०. निरोगी माणसाचे दोन-तीन गुण येणार. तिथून खाली उतरायला जागाच नाही. म्हणजे औषधाने त्याला ‘बरं’ केलं हे कागदावर दिसणारच नाही. दिसलं तर वेगळंच काहीतरी दिसेल : झोप उडणं, बडबड वाढणं, भूक मरणं, हृदयाचे ठोके वाढणं. आणि ही यादी घेऊन कोणाही नव्याने प्रेमात पडलेल्या माणसाकडे जा.

आणखी एक. नेहमीच्या नैराश्यविरोधी औषधांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्या दिवसापासून. त्यामुळे सुरुवातीच्या प्रवेशांत नटांनी ‘आनंद’ दाखवू नये. तोंड कोरडं पडणं, मळमळ, हलकी अस्वस्थता, एवढंच पुरे.

---

विंगेतली खुर्ची

सामानाबद्दल लिहिते. इथे चुका नेहमीच्याच होतात.

पाणी : वर लिहिलेले २४० मिलिलिटर खरे मानून प्रत्येक मात्रेला पेलाभर पाणी प्यायलं, तर पाच मात्रांत सव्वा लिटरच्या आसपास जातं, आणि पुढचा प्रवेश नटाला भलत्याच कारणाने अस्वस्थ करतो. अपारदर्शक पेला घ्या, आत ३० मिलिलिटर, पण घोट सात-आठ. रिकाम्या पेल्यातून प्यायल्याचा अभिनय करू नका. पेल्याचं वजन आणि घशाची हालचाल पहिल्या चार रांगांना कळते.

गोळी : रिकामी जिलेटिनची कॅप्सूल चांगली दिसते, पण कोरड्या घशाला चिकटते आणि पुढच्या वाक्याला ठसका लागतो. विरघळणारी ग्लुकोजची छोटी गोळी बरी. हातचलाखीने लपवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, लगेच पुढे तोंड उघडून दाखवायचं आहे.

ईसीजी : ‘१२ लीड’ म्हणजे १२ वायरी नव्हेत. चिकटपट्ट्या १०, हातापायांना ४ आणि छातीवर ६. प्रेक्षकांत एक तरी डॉक्टर असतोच आणि मध्यंतरात तो हेच बोलतो. ईसीजीआधी माणूस ५-१० मिनिटं शांत पडलेला असतो. धावत आला, बसला, पट्ट्या लावल्या, असं नको. रोजच्या प्रयोगाने त्वचा सोलवटते, म्हणून जागा बोटभर बदलत राहा आणि पट्ट्या तेल लावून काढा, ओरबाडून नको.

सलाईनची सुई : बिनसुईची नळी कोपरापुढे, वर पारदर्शक पट्टी. मिठी मारताना दोघेही तो हात किंचित लांब ठेवतील. हे शिकवावं लागत नाही. नळी खरोखर चिकटवली की आपोआप होतं.

आवाज : मॉनिटरची सतत ‘टिंग टिंग’ हा चित्रपटांचा वारसा. चाचणीच्या वॉर्डात निरोगी माणसं पत्ते खेळत बसलेली असतात, यंत्रं बहुधा मुकी असतात. ठोके ऐकवायचेच असतील तर एकच ठोका ऐकवा आणि तो कोणाचा ते कळू देऊ नका. ७२ वरून हळूहळू ११० पर्यंत न्या. दोघांना वेगवेगळे ठोके दिलेत तर प्लासिबो कोण हे प्रेक्षक तिथेच ठरवून टाकतो.

---

कोरी पाटी

विंगेतली खुर्ची यांच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. वाचनात मी पहिली चूक हीच पकडतो : नट मनातल्या मनात ठरवतात की ‘मी औषधावर आहे’ आणि झिंगल्यासारखं बोलू लागतात. तालमीत दोघांनाही सांगू नये. दर तालमीला चिठ्ठ्या टाका, कधी हा औषधावर तर कधी ती, आणि वर्तन मात्र तेच राहिलं पाहिजे. वर्तन बदललं तर ते कापा.

---

खडूफळा

प्रेमाच्या बाजूने थोडी भर. ‘ठोके वाढले म्हणून प्रेम वाटलं की प्रेम वाटलं म्हणून ठोके वाढले’ हा प्रश्न नाटकाने शोधलेला नाही, मानसशास्त्रात तो जुना आहे.

१९६२ मध्ये शाख्टर आणि सिंगर यांनी लोकांना अ‍ॅड्रिनलीन टोचलं. काहींना नेमका परिणाम सांगितला, काहींना नाही. ज्यांना छाती का धडधडते हे ठाऊक नव्हतं, ते शेजारच्या माणसाच्या वागण्यावरून स्वतःची भावना ठरवण्याकडे जास्त झुकले. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर पाहणी केली. दरीवर सुमारे ७० मीटर उंच झुलणारा हा पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्नावली दिली आणि फोन नंबरही. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. खालच्या भक्कम, बुटक्या पुलावर १६ पैकी २. पुढे यावर आक्षेप आले. झुलत्या पुलावर जाणारी माणसंच मुळात धाडसी असतील, हा सर्वांत साधा. तरीही नाटकासाठी यातलं सोनं असं : वॉर्ड हाच तो पूल आहे. बंद जागा, धोका, सुई, रात्रीचा कंटाळा आणि समोर एकच माणूस. गोळी प्लासिबो असली तरी पूल हलतोच.

१९९९ मध्ये माराझिती आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. रक्तातल्या बिंबिकांवरच्या (प्लेटलेट्सवरच्या) सेरोटोनिन वाहकाची घनता त्यांच्यात कमी निघाली, मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या रुग्णांसारखी. नमुना छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण कॉनी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, ही सगळी प्रकरणं तिने वाचली असणार. तिचा संशय रुसव्यातून येत नाही, अभ्यासातून येतो. कॉनी ‘थंड’ वठवली जाते ती हे विसरल्याने. ती थंड नाही, तिला उत्तराची शक्यता दिसते आहे आणि ते उत्तर तिला नको आहे.

---

मोडी

भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून.

इंग्रजी शीर्षकाचा खेळ ‘इफेक्ट’ आणि ‘साइड इफेक्ट’ यांत आहे. मराठीत आपण ‘परिणाम’ आणि ‘दुष्परिणाम’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ‘दुष्’ लावला की निकाल लागला : वाईटच. नाटकाचा प्रश्न तर हा की प्रेम हा अपेक्षित परिणाम, बाजूने आलेला, की कशाचाच नाही. वर पाच मिनिटांचा फरक यांनीही सवयीने ‘दुष्परिणाम’च लिहिलंय. वैद्यकीय चर्चेत चालतं, टोबीच्या तोंडी चालणार नाही. ‘आनुषंगिक परिणाम’ शुद्ध आहे, पण उच्चारताना नटाचे दात पडतील. ‘साइड इफेक्ट’ असाच ठेवावा, मराठी माणूस तसंच बोलतो.

दुसरं, ‘डिप्रेशन’. लॉर्ना स्वतःबद्दल बोलते तेव्हा ‘नैराश्य’ म्हटलं की ती सरकारी पत्रकासारखी वाटते. ‘उदास’ फार हलकं, ‘खचणं’ म्हटलं की त्याला बाहेरचं कारण लागतं. तिच्या तोंडी ‘डिप्रेशन’ आणि टोबीच्या भाषणात ‘नैराश्य’ अशी वाटणी करून पाहा. एकच आजार, एकाने सोसलेला, दुसऱ्याने व्यासपीठावरून सांगितलेला.

तिसरं, ‘प्रेमात पडणं’ यातलं पडणं आपल्याकडेही आहे, त्याला हात लावू नका. ‘प्रेम जडणं’ कानाला छान लागतं, पण जडतो तो आजार किंवा सवय. तो शब्द टोबीला द्या.

---

तिसरी घंटा

मोडी, ‘जडणं’ टोबीला देण्याची सूचना थेट चोरतोय.

नैराश्याची गोळी खरंच काम करते का, या दोन डॉक्टरांच्या वादाबद्दल कोणी लिहील का? वाचनात तो नेहमी एकतर्फी होतो. प्रेक्षक लॉर्नाच्या बाजूला जातो आणि टोबी खलनायक होऊन बसतो.

---

सहा आणि दोन

टोबी खलनायक झाला तर नाटक अर्धं मेलं. नटांनी दोन्ही बाजूंचा दारूगोळा जवळ ठेवावा.

लॉर्नाच्या बाजूने : २००८ मध्ये कर्श आणि सहकाऱ्यांनी काही औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. नैराश्य मोजणाऱ्या हॅमिल्टन मोजपट्टीवर औषध आणि प्लासिबो यांत फरक निघाला सरासरी १.८ गुणांचा. ब्रिटनमध्ये तेव्हा अर्थपूर्ण फरकासाठी ३ गुणांचा निकष होता. शिवाय खरी गोळी तोंड कोरडं करते, मळमळ आणते, त्यामुळे रुग्ण ओळखतो की आपल्याला खरी मिळाली, आणि ‘डबल ब्लाइंड’चा, म्हणजे कोणती गोळी कोणाला हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळण्याचा, पडदा फाटतो. हे टाळायला काही चाचण्यांत अ‍ॅट्रोपिनसारखा तोंड कोरडं करणारा ‘सक्रिय प्लासिबो’ वापरला गेला. शिवाय १९७९ चं अ‍ॅलॉय आणि अब्रॅमसन यांचं काम : आपल्या हातात किती आहे याचा अंदाज उदास विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा अचूक केला. लॉर्नाला वाटतं की तिला जग खरं दिसतं आणि बाकीचे गोड भ्रमात आहेत, त्याची मुळं इथे.

टोबीच्या बाजूने : २०१८ मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र घेतले. २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस निघाली, फरक माफक असला तरी. आणि सरासरीतला माफक फरक एखाद्या माणसात मोठाही असू शकतो. नाटक २०१२ चं, त्यामुळे हे आकडे संवादात घुसवू नका. पण टोबीच्या नटाला कळू द्या की त्याच्याकडेही बाजू आहे. त्याला खरोखर वाटतं की औषध हा दिलासा आहे. आणि ज्या बाईला गोळीची गरज आहे असं त्याला वाटतं, तीच गोळी नाकारते.

नाटक पाहून कोणी स्वतःची गोळी परस्पर बंद करू नये, एवढं पत्रकात छापा. अचानक थांबवल्यावर चक्कर, झोप बिघडणं, अंगात विजेचे झटके आल्यासारखं वाटणं, असं होऊ शकतं.

---

कोरी पाटी

लॉर्नाच्या अभिनयाबद्दल. रडणं शेवटी ठेवा, किंवा ठेवूच नका. गंभीर नैराश्यात दिसतो तो मंदपणा : प्रश्न आणि उत्तर यांत दोन-तीन सेकंदांची पोकळी, वाक्याच्या शेवटी खाली जाणारा आवाज, हातवारे जवळपास नाहीत, पहाटे लवकर जाग आणि सकाळ सगळ्यात वाईट. पहिल्या अंकात तिची उत्तरं कुशल डॉक्टरसारखी तत्काळ येऊ द्या. ही पोकळी फक्त दुसऱ्या अंकात, आणि पहिल्यांदा अगदी क्षुल्लक प्रश्नावर. ‘चहा घेणार?’ यावर ती अडकली की प्रेक्षागृह आपोआप शांत होतं.

---

उघडा मंच

जरा विरोधी सूर. तुम्ही सगळे वॉर्ड बांधायला निघालात. २०२३ च्या प्रयोगात दोन्ही बाजूंना प्रेक्षक, मधे उजळणारी जमीन आणि सामान जवळपास शून्य. प्रकाशाचा चौकोन हीच खोली. तरीही चाललं, बहुतेकांच्या मते जास्तच चाललं. दहा चिकटपट्ट्या मोजत बसलेला प्रेक्षक प्रेम पाहणार कधी?

---

विंगेतली खुर्ची

मान्य, पण अर्धं. सामान काढता येतं, शिस्त काढता येत नाही. उघड्या मंचावर मात्रेची वेळ, बोलावणं, तोंड उघडून दाखवणं, हे सगळं शरीरातून आणि प्रकाशातून यावं लागतं. उलट जास्त कडक यावं लागतं, कारण आधाराला पेलाही नाही. तालीम सामानासकट करा, मग एकेक वस्तू काढत जा. हात रिकामे राहतात, सवय राहते.

---

पाच मिनिटांचा फरक

पार्श्वभूमीचंही थोडं, कारण ट्रिस्टनच्या बेफिकिरीमागे आणि लॉर्नाच्या भीतीमागे ती आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचं औषध माणसांना पहिल्यांदाच देण्यात आलं. स्वयंसेवक आठ : सहांना औषध, दोघांना प्लासिबो. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० वा भाग. तरी दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या, पुढे अनेक अवयव निकामी होऊ लागले. सहाही वाचले. मोठी चूक अशी मानली गेली की सहांना थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने ओळीने औषध दिलं. पहिल्याला काय होतं हे पाहायला थांबले नाहीत. आता आधी एक-दोघांनाच देऊन थांबतात, आणि नंतरच बाकीच्यांना. युरोपच्या औषध नियामकाने २००७ मध्ये पहिल्यांदा माणसावर करायच्या चाचण्यांसाठी खास मार्गदर्शिका काढली. नाटकाची प्रेरणा या प्रकरणातून आल्याचं सर्वत्र नोंदलेलं आहे.

त्यामुळे लॉर्ना ‘थांबू या’ म्हणते तेव्हा तो बाईचा हळवेपणा नाही. लंडनच्या प्रेक्षकाला ती सहा माणसं आठवत होती. इतर प्रेक्षकांना पत्रकातल्या दोन ओळींनी आठवण करून द्यावी.

---

सहा आणि दोन

* इशारा : पुढे शेवटाचा काही भाग आहे *

ट्रिस्टनला येणाऱ्या झटक्याचा (फिटचा) प्रसंग. खऱ्या मोठ्या झटक्यात आधी शरीर ताठ होतं, साधारण १०-२० सेकंद, मग लयीत आचके, आणि आचक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत जातं. पूर्ण एक-दोन मिनिटं. मंचावर एवढं नको, ४० सेकंदसुद्धा प्रेक्षकाला संपत नाहीत. पण क्रम तोच ठेवा. सुरुवातीपासून सगळं अंग थरथरवलं की ते थंडी वाजल्यासारखं दिसतं. तोंडात चमचा, कापड काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, वेळ मोजायची. लॉर्ना घड्याळाकडे पाहते ही तिची निष्ठुरता नाही, प्रशिक्षण आहे. नंतर खोल, घोरल्यासारखा श्वास आणि गोंधळ. लगेच डोळे उघडून संवाद नाही.

त्यानंतरचं विसरणं. ‘ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेझिया’ (अचानक, थोड्या काळापुरती स्मृती जाणं) हे नाव इथे सहज आठवतं, पण तो प्रकार बहुधा पन्नाशीनंतरचा आणि २४ तासांच्या आत ओसरणारा. नाटकातलं विसरणं तेवढ्यावर बसत नाही, आणि बसवूही नये. महत्त्वाचं हे : अशा माणसाला स्वतःचं नाव आठवतं, बोलता येतं, विनोदही करता येतो. नवं काही टिकत नाही, म्हणून तो तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारतो. शून्यात बघणारा ट्रिस्टन चुकीचा. तो पूर्वीसारखाच मोहक हवा, फक्त दर काही मिनिटांनी कोरा. आणि कॉनीचं उत्तर दर वेळी तेवढ्याच ताजेपणाने यायला हवं, कारण त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच आहे.

---

अर्धविराम

म्हणजे तोच प्रश्न तीनदा आला तर तिन्ही वेळा सूर सारखाच, थकवा फक्त कॉनीच्या खांद्यांत?

---

सहा आणि दोन

हो. आणि तालमीत ते तीनदा नाही, तीस वेळा करून घ्या. चौथ्या-पाचव्या वेळेला ट्रिस्टनचा नट नकळत ‘आठवण नसल्याचा’ अभिनय करू लागतो, ते काढायला पुढचे पंचवीस लागतात.

---

तिसरी घंटा

पाणी ३० मिलिलिटर, चिकटपट्ट्या १०, चिठ्ठ्या दर तालमीला, ‘साइड इफेक्ट’ तसाच. पुढच्या वाचनाआधी वेळापत्रकाचा तक्ता इथे टाकतो : कॉनी ८:००, ट्रिस्टन ८:०५. कुणी उलटं सुचवत असेल तर कारणासकट लिहा.

---

मोडी

उलटं करा. ट्रिस्टनला आधी. पाच मिनिटं एकटं बसून विचार करणं कॉनीचं काम आहे.